तिसरी पिन

माईक कुणाच्याही हातात देण्याआधी अभिमन नाना चपला काढायचे. तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतायचे, त्या ओल्या जागेत अनवाणी उभे राहायचे, एका हातानं स्विच दाबायचे आणि दुसऱ्या हातानं माईक सबंध मुठीत धरायचे. डोळे मिटून. ‘हॅलो’ नाही, ‘चेक चेक’ नाही. नुसते उभे. मग डोळे उघडायचे, माईक सदऱ्याला पुसायचे आणि पुढं करायचे.

“घे बेटा. बोल आता.”

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्यात, एका कॉलेजच्या पटांगणावर. मी जळगावची, मेहरूणची. आमचा नाटकाचा संच लहान. पडदे आमचे, कपडे आमचे, पण लाईट आणि साऊंड जिथं जाऊ तिथलं. धुळ्याकडचा प्रयोग ठरला तेव्हा आमच्यातली भूमिका म्हणाली, माझ्या आजोबांचा सेट आहे, सोनगीरजवळ गाव आहे त्यांचं, ते येतील. आले. टेम्पोतून सावकाश उतरले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पांढरा सदरा, खिशाला पेनासारखा टेस्टर खोचलेला. स्पीकरच्या पेट्यांवर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, ‘रत्ना साऊंड’. मी हात जोडून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, हात काही जोडले नाहीत. मोठा ताठा आहे म्हाताऱ्याला, असं मनात येऊन गेलं.

मग ते पाणी ओतणं सुरू झालं आणि आमच्या मुलांना चेव आला. नानांचा अभिषेक चाललाय, कुणीतरी म्हणालं. प्रसाद कधी मिळेल, विचारा. मीही हसले. भूमिका तेवढी हसली नाही. ती पडद्याची दोरी खांबाला बांधत होती, ती गाठ पुरी करून म्हणाली, “अभिषेक नाही तो. माईकमध्ये करंट असला तर आधी नानांना लागावा, म्हणून आहे.”

हसणं जागच्या जागी विझलं. ओले पाय, हातात लोखंड. अशा माणसातून वीज सरळ जमिनीत उतरते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शाळेत शिकलो होतो, आणि रोज स्टेजवर वायरी ओलांडताना विसरलो होतो. प्रयोग संपल्यावर मी नानांजवळ गेले. म्हटलं, नाना, खिशात टेस्टर आहे की.

“आहे ना.” त्यांनी तो काढून दाखवला. “करंट असला की ह्याच्यातला दिवा लागतो.”

“मग तो लावून बघायचा.”

“दिवा लागला, आणि बघणाऱ्याला कळलंच नाही, तर?”

मला ते उत्तर कळलं नाही. उन्हाळ्यात भूमिका मला तिच्या आजोळी घेऊन गेली, तेव्हा कळलं.

गाव हायवेपासून थोडं आत. सोनगीरचा किल्ला मागं दिसत राहतो, ट्रकांचा आवाज ऐकू येत राहतो. घरासमोर दोन खाटा टाकून त्यावर धुतलेली लुगडी पसरली होती आणि सुंदरबाई त्यावर कुरडया घालत होत्या. सुंदरबाई म्हणजे नानांची बायको. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, नातही अक्काच म्हणते. बसा म्हणाल्या, आणि मी बसल्याबरोबर माझ्या हातात सोऱ्या दिला. माझी कुरडई वाकडी झाली. त्या म्हणाल्या, नाटकवाल्या पोरीची कुरडई पण नाचतेय. आणि थोड्या वेळानं, हात न थांबवता, रत्नाबद्दल बोलायला लागल्या.

रत्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी, भूमिकाची आई. सासर भुसावळचं. नवरा भूषण, रेल्वेत वायरमन. रत्नाचा आवाज असा, की शेताच्या ह्या बांधावर गायली तर त्या बांधावरची बाई निंदणं सोडून उभी राहायची. नानांनी शेती सांभाळून साऊंडचा धंदा काढला तोच मुळी तिच्या आवाजापायी. लग्न, जत्रा, हळद हे सगळं पुढं आलं. पहिला माईक आणला तो दहावीतल्या रत्नासाठी.

आणि ह्या धंद्यात नानांना एकच गोष्ट सोसायची नाही. स्पीकरची घूंघूं.

ज्यांनी कधी वायरी जोडल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लाईट एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर, असं जोडलं की पुष्कळदा स्पीकरमधून एक बारीक, न थांबणारी घूंघूं येते. बाकीचं सगळं शांत झालं की ती जास्तच ऐकू येते. आणि गावोगाव तिच्यावर एकच औषध होतं. प्लगची तिसरी पिन, ती वरची जाड, अर्थिंगची, पक्कडीनं मोडून टाकायची. घूंघूं गप्प. शिवाय जुन्या घरांतल्या सॉकेटना भोकं दोनच. तिसरी पिन तशीही आडवीच यायची. नवीन प्लग आणला की आधी ती मोडायची, जसं नवीन झाडूचं टोक कापून घ्यावं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नानांना तर नाहीच. माझ्या पोरीच्या आवाजाखाली भुंगा नको, असं ते म्हणायचे.

ती पिन कशासाठी असते? यंत्राच्या पत्र्यात चुकून करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट असावी म्हणून. वाट असली की तो तिकडून जातो आणि फ्यूज उडतो. वाट नसली की तो पत्र्यातच बसून राहतो, कुणीतरी हात लावायची वाट बघत.

इथं अक्कांनी माझ्या हातातला सोऱ्या परत घेतला. पुढचं भूमिकानं सांगितलं. तिला आठवत नाही. ती तेव्हा चालायला लागली होती, एवढंच. पण तिनं ते इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं सांगते.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आमच्याकडे दिवाळीइतकीच आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, महिनाभर बसवलेल्या गौराईसाठी गाणी म्हणतात. उन्हं कलल्यावर शाळेच्या पटांगणावर बायका जमल्या. धूळ उडू नये म्हणून पाण्याचा सडा मारलेला. गौराईपुढं गायचं म्हणून रत्ना अनवाणी. ॲम्प्लिफायर लोखंडी खाटेवर. त्याच्या झाकणाखाली वायर दाबली गेली होती, तिची साल कधीतरी घासून गेली होती, आणि आतली तार पत्र्याला टेकली होती. तिसरी पिन असती तर फ्यूज उडाला असता. लोकांनी नानांना चार शब्द सुनावले असते. बस.

रत्नानं माईक घेतला. पहिली ओळ म्हटली. मग वडिलांकडे बघून विचारलं, “नाना, आवाज कसा शे?”

नानांनी दोन बोटं वर केली. झकास.

दुसऱ्या ओळीला तिचा आवाज तुटला. अंग थरथरायला लागलं, मान मागं गेली, केस सुटले. माईक धरलेली मूठ उघडेना. आणि पटांगणावरच्या सगळ्या बायांना वाटलं, गौराई अंगात आली.

आमच्याकडे येते. देवीच्या गाण्याला बाया घुमतात, त्यांना कुणी अडवत नाही, उलट जागा करून देतात. तशी जागा करून दिली. कुणी कुंकू उधळलं. कुणी डफावर हात जोरात मारला. बाकीच्यांनी हात जोडले.

स्विच नानांच्या पायाशी होता.

एवढंच सांगून भूमिका उठली आणि कुरडयांवर बसलेला कावळा हाकलायला गेली. कावळा केव्हाच उडून गेला होता.

नंतर गावानं नानांना दोष दिला नाही. हीच त्यांची खरी शिक्षा झाली, असं मला वाटतं. लोक म्हणाले, आखाजीच्या दिवशी, गौराईपुढं, गाता गाता गेली, असं मरण कुणाला येतं? देवीनं नेली. नानांनी चावडीवर बसून सांगितलं, देवीनं नाही, मी पिन मोडली होती. लोकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नाना, मन घट्ट करा. आणि जावई भूषण, ज्याला वायरीतलं सगळं कळत होतं, त्यानं तो ॲम्प्लिफायर उघडून पाहिला, प्लग पाहिला, दोन्ही बाजूला ठेवले आणि सासऱ्याला म्हणाला, चहा घ्या थोडा. कधी एक शब्द बोलला नाही. दर आखाजीला मुलीला घेऊन येत राहिला. दुसरं लग्न केलं नाही.

नानांनी धंदा बंद केला, आणि वर्षभरानं पुन्हा सुरू केला. तिसरी पिन पुन्हा कधी मोडली नाही. दुसऱ्यांच्या प्लगातही मोडलेली दिसली तर प्लग बदलून द्यायचे, भांडून बदलायचे. पण सॉकेटला तिसरं भोक असतं म्हणून भोकामागं वायर असेलच असं नाही, आणि वायर असली तरी ती जमिनीपर्यंत पोचली असेलच असंही नाही. मग खात्री कशी करायची? तर चपला काढायच्या, पाणी ओतायचं, मूठ वळायची.

“ते कधीतरी असेच जातील,” अक्का म्हणाल्या. सोऱ्या खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तू शिकेल शे. तुनं ऐकतील. थांबव त्यास्ले.”

घरात फळीवर एक डबा होता. भूषणनं आणलेला. करंट भलत्या वाटेला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी लाईन तोडतो, तो डबा. त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नव्हतं. वर धूळ बसली होती आणि अक्कांनी धुळीवरूनच फडकं मारून तो तसाच ठेवला होता, देव्हाऱ्यातल्या न लागणाऱ्या देवासारखा.

मी थांबवायचं ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं. मी नानांना गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. आमच्या प्रयोगांना बिनवायरचा माईक आणला, तर ते स्टेजवरच्या लोखंडी लाईट-स्टँडला मूठ वळून उभे राहिले. त्यातही करंट असतो, म्हणाले, आणि ते खरंच होतं. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर माझा प्रत्येक डाव ते आधीच ओळखून बसायचे आणि पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायचे.

मग एका हळदीच्या कार्यक्रमात ते फेकले गेले. मी तिथं नव्हते. शिरपूरच्या बाजूला, कुणाच्या तरी दारात, पाण्यावर उभं राहून त्यांनी माईक धरला आणि मागं खुर्च्यांवर पडले. सॉकेटमध्ये कुणीतरी दोन वायरी उलट्यासुलट्या केल्या होत्या, तिसऱ्या भोकातच करंट सोडला होता. नवरदेवाच्या बहिणीला माईक द्यायचा होता. तिला लागलं नाही. नानांच्या तळहातावर भाजल्याचा पट्टा उठला, कायमचा.

मी बघायला गेले, तेव्हा ते खाटेवर बसून डाव्या हातानं डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या फोडी खात होते. अक्का पाठ करून चुलीपाशी. मी म्हटलं, नाना, आता तरी पुरे. ह्या वेळी सुटलात.

“सुटलो कुठं? पोरगी सुटली.” ते म्हणाले. “काम झालं ना.”

“तो डबा हेच काम करतो. कुणाला न भाजता.”

ते डांगराच्या बिया एकेक करून ताटलीच्या कडेला लावत राहिले. मग आवाज इतका खाली आणला, की चुलीपर्यंत जाऊ नये.

“मूठ धरतो ना मी, डोळे मिटून? तेवढाच वेळ ती भेटते. समोर असते. विचारते, आवाज कसा शे. डब्याकडे काम दिलं, की मग मी कुठं जाऊ तिला भेटायला?”

मी उठले. दारापर्यंत आलेल्या अक्कांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की आवाज चुलीपर्यंत गेला होता.

त्या वर्षीच्या आखाजीला भूमिकानं ठरवलं, की आपण गायचं. त्याच शाळेच्या पटांगणावर, गौराईपुढं. ती आईसारखी गाते की नाही, हे सांगणारी माणसं आता गावात थोडीच उरलीत, पण गाते. तिला वाटलं, ह्यानं नानांच्या मनातलं काहीतरी मोकळं होईल. मला वाटलं, होणार नाही. तरी मी गेले. भूषणही भुसावळहून आला होता. उंच, केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. गावात पाऊल टाकल्याबरोबर खिशातून पाना-पक्कड काढणारा.

सकाळी अक्कांनी घागर भरली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, जवळ गोड सांजोरी आणि आंबा. अक्का दर वर्षी रत्नाची घागर भरायच्या, आणि दर वर्षी शेजारपाजारच्या बाया हळूच म्हणायच्या, दिलेल्या लेकीची घागर सासरी भरतात, माहेरी नाही. त्या दिवशीही एकजण म्हणाली. भूषण ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, तिकडे आमच्याकडे भरलीय. इथलीही तिचीच आहे.

दुपार कलली. पटांगणावर सडा पडला. निंबाच्या झोक्यावर पोरी पाळीपाळीनं बसत होत्या, एकमेकींना उतरायला सांगत होत्या, कुणी उतरत नव्हती. शाळेच्या व्हरांड्यातल्या सॉकेटवरून नानांनी वायर आणली. लाईटची वायर देवळातून घेतली, कारण शाळेच्या सॉकेटपासून खांबांपर्यंत ती पुरत नव्हती. भूमिका गौराईला हळदकुंकू लावून अनवाणी येऊन उभी राहिली. आईची जागा तिला कुणी दाखवली नव्हती. ती तिथंच उभी राहिली.

नानांनी चपला काढल्या. जमीन आधीच ओली होती, तरी त्यांनी तांब्या ओतला. भाजलेला हात माईककडे गेला, दुसरा स्विचकडे.

तेवढ्यात बायांच्या गर्दीतून अक्का बाहेर आल्या. रत्ना गेल्यापासून त्या कधी स्पीकरजवळ फिरकल्या नव्हत्या. गावात कुठं माईक लागला तर घराची कडी लावून बसायच्या. त्या चालत चालत नानांपाशी गेल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या, नानांच्या चपलांशेजारी, नीट जोडून. त्या ओल्या जागेत उभ्या राहिल्या आणि नानांचं मनगट धरलं.

“काय करी राह्यनी?” नाना म्हणाले.

“लावा स्विच.”

“सोड.”

“हात काय तुम्हीनच जोडेल व्हतात त्या दिवशी?” अक्कांचा आवाज चढला नाही. रोजच्या कामाचं बोलावं तसं त्या बोलत होत्या. “मी बी जोडेल व्हतात. मनी आंडेर मरी राह्यनी व्हती, आणि मी हात जोडीसन उभी. लावा. लागीन ते दोघास्ले लागीन. मी बी शे.”

आंडेर म्हणजे लेक. झोका आपोआप मंद होत थांबला. मला तेव्हा समजलं, की नाना कुणाला नमस्कार का करत नाहीत. इतकी वर्षं ते हात जोडायला घाबरत होते. आणि हेही समजलं, की ते इतकी वर्षं एकटेच गुन्हेगार होऊन बसले होते, बायकोला त्यात जागाच दिली नव्हती.

नानांचं बोट स्विचवर होतं. ते दाबता येईना. दोनदा त्यांनी हात सैल करून पुन्हा नेला. अक्कांचं मनगटावरचं बोटही सैल झालं नाही. तिला लागेल, हे एकच त्यांच्या हाताला कळत होतं. शेवटी त्यांनी स्विचवरचा हात काढून घेतला, माईक खाटेवर ठेवला आणि खाली बसले, त्या चिखलातच.

भूषणनं पिशवीतून डबा काढला. फळीवरचाच, सकाळी अक्कांनी त्याच्या हातात दिला होता, ते मला नंतर कळलं. त्यानं दातानं प्लॅस्टिक फाडलं. डबा जोडण्याआधी सगळ्यांना लांब सरायला सांगितलं, व्हरांड्यातल्या सॉकेटला हातातला बल्ब लावून अर्थिंग पाहिलं. जिवंत तार आणि तिसरं भोक, ह्यांच्यामध्ये बल्ब लख्ख लागला पाहिजे. तो लागला, पण विझत्या निखाऱ्यासारखा. नुसती तार लाल.

तो शाळेमागं गेला. आम्ही मागोमाग. भिंतीशी अर्थिंगचा खड्डा होता, सिमेंटची चौकट, त्यात गंजका पाईप. आमची काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते ते आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. भेगेत चेंडू गेला तर परत मिळत नाही. पाईपाच्या भोवतीची माती तशीच फाटून पाईपापासून दूर सरली होती. वायर होती, पाईप होता, जमीनच सुटली होती. ह्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, भूषण म्हणाला. कुणी घालत नाही. टँकरच्या पाण्याच्या दिवसांत लोखंडाला पाणी कोण पाजणार?

अक्का तिथंच होत्या. त्या घरी गेल्या आणि डोक्यावर घागर घेऊन आल्या. रत्नाची. घागरीचं पाणी पायदळी जाऊ देत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी घालतात. अक्का खड्ड्याशी वाकल्या आणि धार सोडली. भेगांनी ते पाणी आवाज करत प्यायलं. भूषणनं शाळेच्या खिचडीच्या खोलीतून मिठाची पुडी आणून त्यात रिकामी केली. आणखी दोन बायांनी हंडे आणले.

व्हरांड्यात बल्ब उजळत गेला. पूर्ण नाही, पण चेहरे दिसण्याइतका. नाना त्याच्याकडे बघत होते.

मग भूषणनं डबा जोडला आणि त्यावरचं लहानसं बटण सासऱ्याला दाखवलं. हे दाबा. नानांनी भाजलेल्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं. टक्. सगळं बंद. पुन्हा वर केलं, पुन्हा दाबलं. टक्. तिसऱ्यांदाही दाबलं.

“ह्याच्यात कोण उभं राहतं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही, नाना,” भूषण म्हणाला. “म्हणूनच आणला होता.”

भूमिकानं माईक घेतला. नाना मेन स्विचपाशी जाऊन बसले, स्विच गुडघ्याला लागेल इतक्या जवळ, आणि हात त्याच्यावर ठेवला. डोळे उघडे ठेवून. नातीच्या मुठीकडे बघत. गाणं संपेपर्यंत तो हात तिथून हलला नाही, आणि त्या दिवसानंतर माईक त्यांनी कधी मुठीत धरला नाही. मी नंतर त्यांना विचारलं नाही, की आता रत्ना भेटते का. भेटते, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

पहिली ओळ संपली, आणि दुसरी सुरू होण्याआधीच्या तेवढ्याशा शांततेत, स्पीकरमधून ती आली. घूंघूं. बारीक, एकसुरी, न थांबणारी. अर्थिंग खरोखर जमिनीला भेटलं होतं, आणि लाईट देवळावर, आवाज शाळेवर. भूषणनं सासऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, की उद्या लांब वायर आणून सगळं एकाच बोर्डावर घेतलं की ही जाईल. पिन मोडायची गरजच नसते. नानांनी ऐकलं. कधीच नव्हती गरज, ते स्वतःशी म्हणाले.

भूमिका थांबली होती. माईकवर हात ठेवून तिनं आजोबांकडे बघितलं.

“नाना, घूंघूं येतेय.”

सगळ्या बाया नानांकडे बघत होत्या. अक्का बघत होत्या.

“येऊ दे,” ते म्हणाले. “तू गा.”